दिवसाची लय

प्रस्तावना

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्यांचा दिवस इतर विद्यार्थ्यांच्या दिवसासारखा नसतो. कोणी सकाळी कारखान्यात जातो, कोणी दुकान सांभाळतो, कोणी घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर पुस्तक उघडते. अभ्यासासाठी वेळ कोठून काढावा, हा प्रश्न या सर्वांना पडतो आणि बहुतेकांना एकच उत्तर सुचते : झोपेतून. रात्री एक तास अधिक जागावे, पहाटे एक तास लवकर उठावे, म्हणजे दोन तास हाती आले, असा हा साधा हिशेब असतो. कागदावर तो बरोबर दिसतो. शरीराला मात्र तो मान्य होत नाही. चार-आठ दिवसांत डोळे जड होतात, वाचलेले ध्यानात राहत नाही, क्षुल्लक कारणावरून घरात शब्दाला शब्द लागतो आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे वाटू लागते. पुष्कळदा ही बुद्धीची उणीव नसते. ती थकव्याची खूण असते.

थकवा कशाने भरून निघतो आणि रोजच्या साध्या सवयींचा आपल्या उत्साहाशी व मनःस्वास्थ्याशी कोणता संबंध आहे, याची चर्चा करणारा हा वैचारिक लेख आहे. तो वाचताना लेखकाचे मत कोणते आणि त्या मताला दिलेला आधार कोणता, याकडे विशेष लक्ष द्या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• शरीरातील घड्याळ म्हणजे काय, हे उदाहरणांसह सांगू शकाल;
• झोप आणि स्मरण यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• स्वतःच्या दिनक्रमाचे निरीक्षण करून त्यात शक्य असेल तो बदल सुचवू शकाल.

मूलपाठ

शक्तीविषयी बोलताना आपण ती कणगीतल्या धान्यासारखी आहे, असे मानून बोलतो. शक्ती ‘खर्च होते’, ‘संपते’, ‘साठवून ठेवावी लागते’. धान्याला हे लागू पडते. काढले तेवढे कमी होते, न काढले तर तेवढेच राहते. माणसाच्या उत्साहाचे तसे नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणात लोळलेला मनुष्य काही न करताही मरगळलेला असतो आणि पहाटेपासून शेतात राबून, दुपारी बांधावर भाकरी खाऊन, घटकाभर झाडाखाली पाठ टेकलेला शेतकरी पुन्हा उभा राहतो तेव्हा त्याच्या हालचालीत टवटवी असते. श्रम किती केले, यावरच ताजेपणा अवलंबून असता, तर असे घडले नसते. श्रम आणि विसावा यांची एक लय असते. ती सांभाळली तर शक्ती रोज नव्याने भरून येते आणि ती मोडली तर विश्रांतीसुद्धा थकवते.

ही लय केवळ सवयीची बाब नाही, हे प्रथम एका रोपट्याने दाखवून दिले. लाजाळूची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. ती सूर्यप्रकाशामुळे उघडत असावीत, असे कोणालाही वाटेल. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे रोप काळोखात ठेवून पाहिले. प्रकाश नसतानाही पाने सकाळी उघडत आणि सायंकाळी मिटत राहिली. बाहेर दिवस उजाडला की मावळला, याची वेळ वनस्पतीच्या आत कोठेतरी मोजली जात होती.

माणसाच्या बाबतीत असाच प्रयोग मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने स्वतःवर केला. १६ जुलै १९६२ रोजी तो आल्प्स पर्वतातील एका गुहेत उतरला. सोबत घड्याळ नव्हते. झोप आली की निजायचे, जाग आली की उठायचे आणि दोन्ही वेळा दूरध्वनीवरून वरच्या मंडळींना कळवायचे, एवढाच नेम. वरची मंडळी वेळ नोंदवीत. त्याला मात्र ती सांगत नसत. १४ सप्टेंबरला ‘मुदत संपली’ असा निरोप आला, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. त्याच्या मनाने जवळजवळ पंचवीस दिवस गमावले होते. वरच्या वहीतील नोंदी पाहिल्या, तेव्हा आश्चर्य पुढे आले : त्याच्या शरीराने ते दिवस गमावलेले नव्हते. झोपेचे आणि जागृतीचे त्याचे चक्र चोवीस तासांहून थोडे अधिक, परंतु नियमित चालले होते. मन चुकले, शरीर चुकले नाही.

हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, याचा उलगडा करणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मुख्य काम फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माश्यांवर झाले. पेशीत एक प्रथिन रात्रभर साचत जाते, पुरेसे साचले की स्वतःचीच निर्मिती थांबवते, मग दिवसा विघटित होते आणि निर्मिती पुन्हा सुरू होते. या भरती-ओहोटीला साधारण एक दिवस लागतो. माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जेथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या किंचित वर, या सर्व घड्याळांना एका तालात ठेवणारा पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचे तापमान केव्हा चढावे, भूक केव्हा लागावी, झोपेची चाहूल देणारे द्रव्य रक्तात केव्हा सोडावे, हे बऱ्याच अंशी तेथून ठरते.

परंतु सिफ्रच्या नोंदीतील ‘थोडे अधिक’ हे शब्द विसरून चालणार नाही. बहुतेक माणसांचे आतले घड्याळ रोज काही मिनिटे मागे पडते. ते रोज जुळवून घ्यावे लागते आणि जुळवणारी किल्ली म्हणजे सकाळचा प्रकाश. ढगाळ सकाळीसुद्धा उघड्यावरचा प्रकाश घरातील दिव्याच्या कित्येक पट असतो. डोळ्यांना तो सहज उजेड वाटतो म्हणून हा फरक आपल्या लक्षात येत नाही. उठल्यावर अंगणात, गच्चीवर किंवा रस्त्यावर दहा-वीस मिनिटे घालवणे ही या दृष्टीने अगदी बिनखर्चाची सवय आहे. सडा-रांगोळी करणाऱ्या, तुळशीला पाणी घालणाऱ्या आणि नळावर पाणी भरायला जाणाऱ्या बायकांना ती न शिकवताच होती. वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथाच्या आरंभीच, दुसरा संपूर्ण अध्याय दिनचर्येला दिला आहे आणि त्याची सुरुवात पहाटे उठण्यापासूनच होते.

आपल्या देशात या बाबतीत एक गंमत आहे. १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ एकच आहे. (मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली वेळ त्यानंतरही बरीच वर्षे जपली, हा भाग वेगळा.) घड्याळ एक, पण सूर्य एक नाही. जून महिन्यात आसामात डिब्रुगढला साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो, तर द्वारकेला तो सहानंतर दिसतो. आसामातील चहाच्या मळ्यांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला : तेथे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली ‘बागान टाइम’ पाळण्याची प्रथा पडली. तेव्हा ‘पहाटे पाचला उठा’ हा उपदेश सर्व भारतीयांना सारखाच लागू करता येत नाही. आपल्या गावी उजाडते केव्हा, हे पाहावे आणि उठण्याची वेळ त्याभोवती ठरवावी. वेळ कोणती, यापेक्षा ती रोज सारखी असणे अधिक महत्त्वाचे. रविवारी तीन तास उशिरा उठणाऱ्याचे शरीर सोमवारी सकाळी जणू दूरच्या प्रवासाहून परतलेले असते.

पाठगत प्रश्न १
(अ) द मेराँ यांच्या प्रयोगातून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
(आ) ‘मन चुकले, शरीर चुकले नाही’ हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? का?
(इ) उठण्याची एकच वेळ सर्व भारतीयांना का सांगता येत नाही?

झोप : अभ्यासाचा उरलेला अर्धा भाग

आता प्रारंभीच्या हिशेबाकडे वळू. दिवसभर काम करून रात्री शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा शिकता येत नाही त्याने शिकूच नये, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो रात्रीचा अभ्यास कोठे थांबवावा, याचा.

१९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स व डॅलनबाख यांनी एक साधा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या पाठ करायला दिल्या. कधी पाठांतरानंतर ते झोपत, कधी नेहमीच्या कामात जागे राहत. आणि एक, दोन, चार किंवा आठ तासांनी त्यांना किती आठवते, ते तपासले जाई. झोपेनंतर त्यांना जागे राहिल्यापेक्षा स्पष्टपणे अधिक आठवे. प्रयोग लहान होता, पण त्याचा मुख्य निष्कर्ष पुढील शंभर वर्षांच्या संशोधनात टिकून राहिला आहे. झोपेत मेंदू स्वस्थ पडून नसतो. दिवसा जे अनुभवले, वाचले, त्याची तो निवड करतो, पुन्हा उजळणी करतो आणि ते जुन्या ज्ञानाशी जोडतो. म्हणून रात्री बारानंतर वाचलेली चार पाने झोपेचे दोन तास खाऊन टाकतात, तेव्हा ती चार पाने मिळतातच असे नाही. संध्याकाळी वाचलेली आठ मात्र कच्ची राहतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर बियाणे पेरून झाल्यावर पाणी तोडण्याचा हा प्रकार आहे.

प्रौढ माणसाला सात तास किंवा त्याहून थोडी अधिक झोप लागते. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना आठ ते दहा तास. ‘मला पाच तास पुरतात’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांपैकी खरोखर पुरणारे फार थोडे. इतरांना थकव्याची सवय झालेली असते आणि सवय झालेला थकवा स्वतःला दिसत नाही, तो सोबतच्या माणसांना दिसतो.

येथे चहाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण मराठी माणसाला चहाविना अभ्यास सुचत नाही. आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साचत जाते आणि ते जितके साचेल तितकी झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याची जागा अडवून बसते. थकवा तेथेच असतो. त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. शिवाय पोटात गेलेले कॅफीन निम्मे व्हायला साधारणतः पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कपातील अर्धा कप, म्हणावयाचे तर, दोन वाजताही जागा असतो. सकाळचा चहा सुखाने घ्यावा. संध्याकाळनंतरचा सोडून पाहावा. उशाशी ठेवलेल्या मोबाईलबद्दल वेगळे सांगायला नको. त्याच्या उजेडापेक्षा त्यातील संपत नसलेल्या गोष्टी झोपेच्या अधिक आड येतात.

विसावा

आषाढी वारीत आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपुरी पोहोचते. तिच्याबरोबर सत्तरी ओलांडलेले स्त्री-पुरुष चालतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. घरी बाजारापर्यंत जाताना ज्यांचे गुडघे दुखतात, ती माणसे हे अंतर कसे पार करतात? श्रद्धेचे बळ आहेच. पण वारीची आखणीही पाहण्यासारखी आहे. प्रस्थानाची वेळ ठरलेली, रात्रीचा मुक्काम ठरलेला आणि मधले ‘विसावे’सुद्धा ठरलेले. थकून पडल्यावर कोणी थांबत नाही. थांबायचे ठिकाण आले म्हणून सारे थांबतात. बसतात, पाणी पितात, पाय मोकळे करतात आणि पुन्हा टाळांच्या ठेक्यावर पावले पडू लागतात. वाटेत रिंगण होते, खेळ होतात. चालणे, थांबणे, गाणे आणि खेळणे यांची ही गुंफण शतकांच्या अनुभवातून झालेली आहे.

आपण नेमके उलट करतो. काम ‘संपेपर्यंत’ विसावा लांबवतो, आणि काम कधीच संपत नाही. तास-सव्वा तास एकाग्रतेने वाचल्यावर पाच-दहा मिनिटे उठून उभे राहणे, दूर पाहणे, पाण्याचा पेला रिकामा करणे हा विसावा पुरेसा असतो. बैठे काम करणाऱ्याने या वेळी चालावे. जो दिवसभर हमाली करतो, गवंडीकाम करतो किंवा दुकानात आठ-दहा तास उभा असतो, त्याला ‘रोज फिरायला जा’ असे सांगणे मात्र क्रूर विनोद आहे. त्याने पाय उंचावर ठेवून निवांत पडावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची शारीरिक हालचाल सुचवली आहे. त्यात कामावरचे श्रमही धरले आहेत, हे आरोग्याचे सल्ले देणारे अनेकदा विसरतात.

दुपारच्या वामकुक्षीची आपल्याकडे बरीच थट्टा झाली आहे, विशेषतः पुणेकरांच्या. शास्त्राने मात्र तिची बाजू घेतली. दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी पेंग केवळ जेवणामुळे येत नाही. न जेवलेल्या माणसालाही ती येते, कारण आतल्या घड्याळाचाच तो एक उतार आहे. त्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची डुलकी घेतली तर पुढचे काही तास लक्ष टिकते. तासभर झोपल्यास मनुष्य गाढ झोपेतून अर्धवट उठतो, डोके जड होते आणि रात्रीची झोपही लांबते. तेव्हा वामकुक्षी जरूर घ्यावी. तिची निद्रा होऊ देऊ नये.

पाठगत प्रश्न २
(अ) ‘बियाणे पेरून झाल्यावर पाणी तोडणे’ या दृष्टान्तात बियाणे कशाला आणि पाणी कशाला म्हटले आहे?
(आ) वारीतील विसावा आणि आपण घेतो ती विश्रांती यांत लेखकाला कोणता भेद दिसतो?

मनाचे ओझे

शरीर थकले की मन चिडखोर होते, हे सर्वांना ठाऊक आहे. उलट दिशेचा रस्ता तेवढा परिचित नाही : मन दाटून आले की शरीराची लय बिघडते. झोप तुटते, अन्न गोड लागत नाही, सकाळ नकोशी होते. म्हणून मन हलके करणारी एखादी नित्याची जागा दिवसात असावी लागते.

महाराष्ट्रातील खेड्यांतून अशी जागा पिढ्यान्‌पिढ्या जात्यापाशी होती. पहाटे घर निजलेले असताना बायका दळायला बसत आणि दळता दळता ओव्या गात. माहेरची आठवण, सासरचा जाच, लेकराचे कौतुक, भावाची वाट, देवाशी भांडण – जे दिवसा चारचौघांत बोलता येत नव्हते, ते जात्याच्या घरघरीत बोलून होई. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यात राहून सहकाऱ्यांच्या मदतीने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेचे हे दळण कष्टाचेच होते. त्याला नटवून सांगण्याचे कारण नाही. विजेची गिरणी आली आणि बायकांच्या हातांना सुटका मिळाली, हे चांगलेच झाले. पण गिरणीत पीठ मिळाले तरी बोलण्याची ती जागा गेली, आणि तिच्या जागी दुसरे काय आले, हा प्रश्न उरतो.

एक उत्तर वही हे आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या गोष्टींविषयी लिहायला सांगितले. लिहून झाल्या-झाल्या विद्यार्थ्यांना अधिकच उदास वाटले. परंतु ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर झालेल्या अनेक प्रयोगांतून हा परिणाम बेताचाच असल्याचे दिसले आहे. लिहिण्याने दुःख नाहीसे होते, असे समजू नये. ते शब्दांत मांडता येते, म्हणजेच त्याला कोठेतरी कड असते, एवढे कळते. तेवढ्याचाही आधार वाटतो. भाषेचा विद्यार्थी म्हणून आपल्याला दुहेरी लाभ आहे : मन मोकळे होते आणि लेखनाचा सरावही होतो.

दुसरे उत्तर माणसांचे आहे. येथे पुन्हा एका गुहेचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. मदुराईजवळच्या एका काळोख्या गुहेत राहणाऱ्या वटवाघळांवर एम. के. चंद्रशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात संशोधन केले. त्यांनी काही वटवाघळे गुहेतच पिंजऱ्यात ठेवली. त्यांना ना सूर्य दिसत होता, ना बाहेर जाता येत होते. तरीही सायंकाळी इतर वटवाघळे बाहेर पडू लागली की हीदेखील जागी होत आणि त्यांचे दैनंदिन चक्र थव्याशी जुळलेले राही. मोकळ्या वटवाघळांचा थवा नसलेल्या गुहेत मात्र ते बाहेरच्या दिवसरात्रीपासून सरकत गेले. प्रकाश नसला तरी सोबत्यांची ये-जा वेळ सांगत होती.

माणसाचेही बरेचसे असेच आहे. मुंबईच्या लोकलगाडीत ठरावीक डब्यात, ठरावीक वेळी चढून टाळ-चकव्यांच्या साथीने भजन म्हणणारी मंडळे असतात. गर्दीत उभे राहून घामाघूम झालेली ही माणसे दमून कार्यालयात पोहोचायला हवीत. पण ती ताजी होऊन उतरतात. शेजारणीबरोबर रोजची दहा मिनिटे, जेवताना सर्वांनी एकत्र बसणे, संध्याकाळी मैदानावरचा खेळ या गोष्टी वेळ ‘घालवणाऱ्या’ वाटतात. परगावी एकटे राहून नोकरी करणाऱ्या मुलाला विचारा. दिवसाला आकार कोण देते, ते तो सांगेल.

सवयींची मर्यादा

येथवर जे लिहिले, ते वाचून कोणाला वाटेल की थकलेला मनुष्य स्वतःच्या सवयींमुळेच थकतो. तसे समजणे अन्यायाचे होईल. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि २५ टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच कमी आहे, त्याला सकाळच्या उन्हाने उत्साह येणार नाही. त्याला रक्ततपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या हव्यात. (जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी कमी लागते, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.) पुरेशी झोप घेऊनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल, तर तो आळस नव्हे, तपासून घ्यावी अशी ती तक्रार आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर सवयी बदलत बसू नये, मदत मागावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे.

दुसरी मर्यादा घरातच असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसून आले. हे काम बिनपगारी आहे, आणि त्यात मुलांचे व आजाऱ्यांचे संगोपन धरलेलेही नाही. सुमारे पाच तास आणि दीड तास यांतील हा फरक ज्या घरात आहे, तेथे गृहिणीला ‘थोडा वेळ स्वतःसाठी काढत जा’ असे सांगून उपयोग नाही. तो वेळ दुसऱ्या कोणीतरी भांडी घासल्याशिवाय निघणार नाही. दुपारी आडव्या झालेल्या पुरुषाला आपण ‘दमला आहे’ म्हणतो आणि स्त्रीला ‘झोपा काढते’ म्हणतो. हा भाषेतला भेद आपण विद्यार्थी म्हणून तरी ओळखायला हवा.

बदल करायचाच झाला तर एकाच वेळी सर्व सवयी बदलू नयेत. तसे संकल्प आठवडाभरातच मोडतात. प्रथम उठण्याची वेळ निश्चित करावी, कारण ती आपल्या हाती असते; झोप लागण्याची वेळ हाती नसते. उठणे स्थिर झाले की दोन-तीन आठवड्यांत झोपही आपोआप आपल्या वेळेला येऊ लागते. अभ्यासातील कठीण भाग, गणित असो वा व्याकरण, त्या ताज्या वेळेत घ्यावा आणि रात्रीसाठी उजळणी ठेवावी. पाळीने काम करणाऱ्यांना हेही शक्य नसते. त्यांनी निदान रात्रपाळीहून परतल्यावर खोली काळोखी करून सलग झोपावे आणि त्या वेळेत कोणी उठवू नये, असे घरात सांगून ठेवावे.

शब्दार्थ

कणगी – धान्य साठवण्याचे बांबूचे मोठे पात्र; मरगळ – निरुत्साह; वर्दी – सूचना, खबर; वामकुक्षी – दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर घेतलेली अल्प विश्रांती; रक्तक्षय – रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य कमी असणे; जाच – छळ.

स्वाध्याय

१. ‘सवय झालेला थकवा स्वतःला दिसत नाही’ या विधानाचा अर्थ आपल्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. जात्यावरच्या ओवीविषयी लेखकाच्या मनात असलेले दोन परस्परविरोधी विचार कोणते? ते आपल्या शब्दांत लिहा.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा : शब्दाला शब्द लागणे, पाठ टेकणे, मन दाटून येणे, अंगी लागणे.

४. पाठात वैज्ञानिक प्रयोगांचे उल्लेख आले आहेत. त्यांपैकी कोणत्या प्रयोगाच्या मर्यादा लेखकाने स्वतःच सांगितल्या आहेत, ते शोधा आणि त्या सांगण्याची गरज का पडली असावी, ते लिहा.

५. उपक्रम : सात दिवस एका वहीत झोपण्याची व उठण्याची वेळ, शेवटचा चहा घेतल्याची वेळ आणि दिवसात सर्वांत ताजे वाटले ती वेळ नोंदवा. आठव्या दिवशी नोंदी वाचून शंभर शब्दांत आपले निरीक्षण लिहा. घरातील आणखी एका व्यक्तीच्या अशाच नोंदी ठेवता आल्यास दोघांच्या विसाव्याच्या वेळा शेजारी-शेजारी मांडून पाहा.